काकांचं ‘कॉल इट ईव्हन’

माझं कॉलेज सुटलं, दोष वसंतकाकांचा. बाबांचे थोरले भाऊ म्हणून द्यायचा तेवढा मान देऊन झाला. झाशीत आम्ही मराठी घरं मूठभर; चौघं जमली की विषय काकांचाच, आणि एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याला सुचलेला असतो!

सगळ्याच्या मुळाशी एक इंग्रजी वाक्य. सिव्हिल लाइन्सच्या ऑफिसात कुठल्याशा साहेबाकडून उचललेलं: ‘कॉल इट ईव्हन!’ म्हणजे फिटंफाट. ना तुझं देणं, ना माझं. हे दोघांनी मिळून म्हणायचं असतं. काका एकटेच म्हणून मोकळे होतात.

*

शेजारच्या पांडेजींची स्कूटर घेऊन काका बरुआसागरला गेले. परत आणली ती हेडलाइट फोडून. सोबत तिथल्या बाजारातलं पिशवीभर आलं.

“लीजिए पांडेजी, ताज़ी अदरक. कॉल इट ईव्हन!”

पांडेजींनी पिशवीत डोकावून पाहिलं. “भैया, अब रात में अदरकई बाँध लें आगे?”

*

आमच्यात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. जोशीकाकूंचा पुरणपोळ्यांचा डबा काकांनी आत कढीपत्त्याची काडी टाकून परत केला. काडी काकूंच्याच कुंडीतली!

“वसंतराव,” काकू म्हणाल्या, “झाडाला पाणी तरी घालून आलात का?”

*

ओळखीतल्या सुधीरदादाचे वडील गेले. आमच्यात खांद्याला माणसं पुरत नाहीत. काका आले, हे उपकारच. तेराव्याला जेवून हात पुसत म्हणाले, “सुधीर, माझा सिलिंडर तेवढा वर चढवून दे. कॉल इट ईव्हन!”

सुधीरदादानं चढवला. खाली येऊन विचारलं, “काका, म्हणजे तुमच्या वेळी मी नाही आलो तरी चालेल ना?”

*

आता घरचा किस्सा. बाबांना नोकरी काकांनी लावून दिली. तेव्हापासून बाबा त्यांच्यासमोर खुर्चीच्या टोकावर बसतात. काकांनी दूर टहरौलीला खताचं दुकान काढलं आणि गल्ल्यावर विश्वासाचं माणूस मिळेना. माझं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, परीक्षा तोंडावर.

मी समोर उभा. काका बाबांना म्हणाले, “तुला मी चिकटवलं. आता ह्याला पाठव. कॉल इट ईव्हन?”

“परीक्षा तरी होऊ द्या,” आई म्हणाली.

“तू थांब गं!” बाबांनी काकांचा हात दोन्ही हातांत धरला. डोळे भरून आले होते त्यांचे. “ईव्हन, दादा. ईव्हन!”

दोघांनी चहा घेतला. पहिल्यांदाच बाबा खुर्चीत टेकून बसले.

माझं बी.एस्सी. राहिलं.