कडी आतून

लातूरच्या आमच्या दुकानाला खिडकी नव्हती. गंजगोलाईच्या मागच्या एका गल्लीत, दोन कापड दुकानांच्या मधे दाबून बसवल्यासारखा लांबट गाळा. पुढे काचेचं दार, मागे गोदाम, मधे दोन्ही भिंतींना छतापर्यंत खोकी. बायकांच्या आतल्या कपड्यांचं दुकान म्हणून काचेलाही आतून गुलाबी कागद चिकटवलेला. सकाळी आत शिरलं की बाहेर ऊन आहे की आभाळ आलंय, ते शटर ओढतानाच कळायचं.

मी मूळची नांदेडची. लग्नाआधी याच शेठच्या नांदेडच्या मोठ्या दुकानात कामाला होते. लग्न होऊन लातूरला आले आणि काही दिवसांनी शेठनी इथं दुसरं दुकान टाकलं. "आपलंच समजा, बाई," म्हणाले. आपलं म्हणजे बसायला स्टूल नाही. गिऱ्हाईक असो वा नसो, उभंच राहायचं. काउंटरच्या वर कॅमेरा होता, आणि शेठ नांदेडला बसून मोबाईलवर आम्हा दोघींना बघायचे. दुसरी म्हणजे माझ्याहून वयानं मोठी, कुणाशी फारसं न बोलणारी एक बाई होती. ती हिशेब बघायची, मी माल दाखवायचे. पाय भरून आले की मी खोक्यांना टेकायचे, आणि काउंटरवरचा फोन वाजायचा. "बाई, टेकू नका. बरं दिसत नाही."

दिवाळीच्या आधी दोन्ही दुकानांतल्या आम्हा सगळ्यांना नांदेडला बोलावलं. पुण्याहून एक साहेब शिकवायला आले होते. गिऱ्हाईकाशी कसं बोलावं, हा विषय. त्यांनी आम्हाला एक वाक्य पाठ करायला लावलं: "मी आपली अडचण समजू शकते." बाई काहीही म्हणू दे, रागावू दे, माल परत आणू दे, आधी हे वाक्य. मान जराशी कलती, चेहऱ्यावर हसू. आम्ही समोरासमोर उभ्या राहून एकमेकींची अडचण समजून घेतली. अर्धापूरची एक जुनी सेल्सवुमन होती, तिनं विचारलं, "अन् न्हाई समजली तर?" साहेब हसले. म्हणाले, "तरी म्हणायचं."

ती बाई आली तेव्हा लग्नसराई चालू होती. चाळिशीच्या आसपासची असेल. नवरा बरोबर होता, पण आमच्याकडे पुरुष आत येत नाहीत, तो पायरीवरच पिशवी घेऊन उभा राहिला. तिचा पदर डाव्या बाजूनं घट्ट ओढून घेतलेला आणि पिन भलत्याच ठिकाणी लावलेली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मागं हुकाची नको. डोक्यातून घालायची द्या."

"साईज?"

"द्या कुठलीबी."

बायका लाजतात, हे मला नवीन नव्हतं. मी नजरेनं अंदाज घेऊन एक दिली आणि ट्रायल रूम दाखवली. ट्रायल रूम म्हणजे वरच्या मजल्याच्या जिन्याखालची जागा, प्लायवूडनं बंद केलेली. एक आरसा, एक खुंटी, आतून कडी. दिव्याचं बटण बाहेर.

बराच वेळ झाला, ती बाहेर येईना. निलंग्याच्या मायलेकी लग्नाचा बस्ता आटपून आल्या होत्या, मुलीला घालून बघायचं होतं. मी दारावर टकटक केली.

"ताई, बसली का?"

मी पुन्हा टकटक केली.

"दुसरी साईज देऊ का?"

"नको." आवाज चेपल्यासारखा आला, तोंडावर काहीतरी असल्यासारखा.

कॅमेरा माझ्या डोक्यावर होता आणि निलंग्याची बाई घड्याळात बघत होती. माझ्या तोंडून ते वाक्य आपोआप निघालं. "ताई, मी आपली अडचण समजू शकते."

आतून ती म्हणाली, "काय समजती तुम्हाला? हितं काय झालंय ते दिसतंय का?"

मला तोंड कुठं लपवावं कळेना. मायलेकी ऐकत होत्या. मी दाराला तोंड लावून हळूच विचारलं, "काय झालंय? सांगा तरी."

"अक्का, बाहेर कोन हाय?"

"दोघी आहेत."

"त्यांना जाऊ द्या."

मी मायलेकींना हात जोडले आणि पलीकडच्या दुकानातून फिरून या म्हणून सांगितलं. मुलगी कुरकुरली, पण आईला काय वाटलं कोण जाणे, तिनं मुलीचा दंड धरून तिला बाहेर नेलं.

"गेल्या," मी म्हणाले.

"लाईट बंद करा. मग आत या. तुम्ही एकट्याच."

मी दिवा घालवला. कडी निघायला वेळ लागला, एका हातानं चाचपडत काढत असावी. दार बोटभर उघडलं, मी आत घुसले आणि तिनं लगेच पाठीनं ते लोटलं. दोन बायका उभ्या राहाव्यात अशी ती जागाच नव्हती. माझी पाठ आरशाला, तिचा श्वास माझ्या गळ्यावर. दाराखालून येणारा उजेड फक्त पावलांपर्यंत पोचत होता.

मी हात पुढे केला तेव्हा कळलं. ती ब्रा डोक्यातून अर्धी उतरली होती आणि गुंडाळून दोरीसारखी झाली होती. उजवा हात वरच्या वर कोपरात अडकलेला, तोंडाच्या पुढ्यात. डावा हात खाली, तो उचलताच येत नव्हता. सोडवायला म्हणून मी डाव्या काखेशी बोटं घातली आणि एक सपाट जागा हाताला लागली. तिथं काहीच नव्हतं. ताणलेली कातडी आणि लांब वण.

ती श्वास धरून उभी होती.

"ऑपरेशन झालंय," ती म्हणाली.

"हं."

"हा हात वर जातच न्हाई. मला वाटलं जाईल."

"दुखतंय?"

"लई."

"ओढू का कापू?"

"कापा."

कात्री काउंटरवर होती. मी बाहेर आले तर फोन वाजत होता. हिशेबाच्या बाई तो उचलून, माझ्यापुढे रिसिव्हर धरून म्हणाल्या, "शेठ इचारायलेत, गिऱ्हाईक का घालवलं?" मी कात्री उचलली आणि फोन न घेताच परत आत गेले. मागून त्यांचा आवाज ऐकू आला, "शेठ, बाईला जरा बरं न्हाई. ठेवते." कोणत्या बाईला, ते त्यांनी सांगितलं नाही.

अंधारात कापणं सोपं नव्हतं. तिच्या कातडीला पातं लागू नये म्हणून मी मधे माझी बोटं घातली. इलास्टिक तटकन तुटलं, तिचा हात सुटला, आणि ती सरळ खालीच बसली. तिच्याबरोबर मीही बसले, कारण तिनं माझं मनगट धरलं होतं. गुडघ्याला गुडघे. मला घाम फुटला होता. जिन्यावरून कोणीतरी चढत गेलं, आमच्या डोक्यावर पावलं वाजली. दार उघडून मोकळ्यात पळावंसं वाटत होतं.

"जरा थांबा," ती म्हणाली. "लगेच उघडू नका."

मग ती रडली. तोंडात पदर धरून. घशाशी तेच पाठ केलेलं वाक्य येत होतं, दुसरं काही येतच नव्हतं. म्हणून मी गप्प बसले. तिनं मनगट सोडलं नाही, मीही सोडवून घेतलं नाही.

थोड्या वेळानं तिनंच बोलायला सुरुवात केली. उदगीरला पुतणीचं लग्न होतं. घरात फक्त नवऱ्याला आणि सासूला खरं माहीत, बाकीच्यांना साधी गाठ काढली म्हणून सांगितलेलं. "घरात लई जपायलेत मला," ती म्हणाली. "उठू नको, वाकू नको, उन्हात जाऊ नको. दिवसभर त्या खोलीत पडून ऱ्हायचं. गुदमरायलंय म्हणून ह्यांना म्हणलं, मला लातूरला न्या, माझं मी घेते. अन् हितं येऊन ह्याच्यात गुतले." कापलेली चिंधी तिनं हातात धरली होती. रडता रडता हसली. मलाही हसू आलं.

आमच्याकडे तिच्यासाठी काहीच नव्हतं. मी खोकी उचकली. शेवटी हिशेबाच्या बाईंनीच गोदामातून एक खोकं काढून दिलं. पुढून उघडणारी, बाळंतिणींसाठी असते ती. तिनं दिव्याखाली ती उलटसुलट करून पाहिली.

"ही तर दूध पाजायची."

"हो. पण हात मागे न्यावा लागत नाही."

तिनं पुढचे हुक एका हातानं लावून पाहिले. म्हणाली, "चालंल."

डाव्या बाजूला मी आतून सुती कापडाचा खिसा शिवला आणि त्यात कापूस भरला. ओबडधोबडच झालं. तिनं ते घालून पदर सोडला, आरशात पाहिलं, पिन काढून जागच्या जागी लावली.

बाहेर पायरीवर नवरा उभाच होता. त्यानं तिच्या तोंडाकडे नाही, आधी हाताकडे बघितलं. "दुखलं का?"

"न्हाई."

दोघं गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. मग तिला रसवंतीच्या बाकड्यावर बसवून तो एकटाच परत आला. काचेचं दार अर्धवट लोटून, नजर खाली ठेवून त्यानं विचारलं, "ताई, आत रडली का ती?"

सांगावं की नाही, मला कळेना.

"घरी रडत न्हाई. दवाखान्यातबी रडली न्हाई. म्हणून इचारलं."

"रडल्या," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. "बरं झालं," म्हणाला आणि गेला.

शेठना मी फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कापलेल्याचे पैसे कुणाच्या नावावर लिहू नका." माणूस वाईट नव्हता.

लग्नानंतर त्या बाईनं कुणाला सांगितलं माहीत नाही, पण पावसाळ्यात एक आली, मग आणखी एक. दवाखान्यातून, कुणाच्या मावशीकडून, कुणाच्या जावेकडून पत्ता घेऊन. "त्या उंच बाई हायेत का?" असं माझ्याबद्दल विचारत. शेठच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. त्यांनी गोदामाचा अर्धा भाग रिकामा करून दिला. मी आत दिव्याचं बटण मागितलं, दोन स्टुलं मागितली, तीही दिली. एक पाटी लावायची त्यांची फार इच्छा होती, पुण्याच्या साहेबांचं वाक्य लिहून. मी नको म्हणाले.

"मग काय लिहू?"

"काहीच नका लिहू."

तेवढं त्यांनी ऐकलं.

मला वाटलं होतं, आता मला जमायला लागलं. पण प्रत्येक बाई वेगळी निघायची. एक जण तासभर तिच्या सुनेबद्दलच बोलली. एका बँकेतल्या मॅडमनी मला फटकारलं, "असा चेहरा करू नका. माप घ्या." तेव्हापासून मी आधीच विचारायला लागले, "बोलायचंय का नुसतं माप घेऊ?" एवढं एकच मी शिकले, आणि ते कुणी शिकवलं नव्हतं.

त्या गोदामाला दुकानाहूनही कमी हवा होती. आता बसायला स्टूल होतं, कॅमेरा नव्हता, पण दिवसातून दोनदा-तीनदा कडी लावून मी त्यात बसायचे आणि बाहेर आले तरी बाहेर आल्यासारखं वाटायचं नाही. घरी नवरा काही विचारायला लागला की मला आवाजच नको व्हायचा. आंघोळ करताना मी स्वतःला चाचपून बघायचे, काही नसलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा. नणंदेनं एका शाळेत कामाचं बघितलं होतं. ऑफिसात बसायचं, समोर मैदान. मुख्याध्यापक भेटायला बोलावत होते. मी आज जाते, उद्या जाते करत राहिले आणि ती जागा भरली. नणंद चिडली. तिला काय सांगावं, माझं मलाच समजत नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात आईला बरं नव्हतं म्हणून मी नांदेडला गेले. चांगली आठवडाभर राहणार होते. आईच्या घराला मोठी गच्ची आहे. संध्याकाळी तिथं चटई टाकून मी नुसती आभाळाकडे बघत पडायचे. तिसऱ्याच दिवशी दुकानातून फोन आला. हिशेबाच्या बाई. "औशाहून एक जण आलीय. मला दाखवत न्हाई म्हनती. बसूनच राहिलीय. बोल तिच्याशी."

पलीकडून कोवळा आवाज आला. "ताई, तुम्ही कधी येनार?"

आठवडाभरानं, हे शब्द माझ्या तोंडात तयार होते. मी म्हणाले, "सोमवारी या."

फोन ठेवला तर आई भिंतीला टेकून माझ्याकडेच बघत होती. "तुझं तिथं एवढं कोण अडून बसलंय?" तिनं विचारलं. मी तिच्या गोळ्या लावून ठेवल्या, भावजयीला दोनदा बजावलं आणि रविवारी दुपारी लातूरची बस धरली. सबंध रस्ताभर मला त्या मुलीचा राग येत होता.

सोमवारी ती आलीच नाही. मी शटर पडेपर्यंत वाट बघितली आणि घरी जाऊन काहीतरी क्षुल्लक कारणावरून नवऱ्यावर ओरडले. ती आली मंगळवारी, दुपारच्या गर्दीत, नवऱ्याला पायरीवर थांबवून, सासूचा हात धरून. पंचविशीचीसुद्धा नसावी. "काल ह्यांना सुट्टी न्हाई मिळाली," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही परत जाल."

"नाही," मी म्हणाले. "या आत."

सासू बाहेर थांबली. मी गोदामाचं दार लावलं, बटण कुठं आहे ते तिला दाखवलं, आणि दिवा चालू ठेवायचा की घालवायचा ते तिच्यावर सोडून गळ्यातला टेप काढला.