मावशींचा काजवेपक्ष

अख्ख्या छत्रपती संभाजीनगरात विजेच्या दिव्याशी उघड वैर धरलेली एकच बाई आहे, आणि ती नेमकी माझी मावससासू आहे. सिल्लोडच्या शाळेत विज्ञान शिकवून मावशी निवृत्त झाल्या आणि शहरातल्याच सातारा परिसरात, नाल्याकाठच्या मोकळ्या जागेला लागून, घर बांधून राहिल्या. तिथल्या गवतात ज्येष्ठात काजवे येतात. घर बांधताना लोक पाणी बघतात, रस्ता बघतात. मावशींनी काजवे बघितले. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, त्याबद्दल त्यांची काहीही तक्रार नाही.

माणसांनाही त्या काजव्याच्याच मापानं मोजतात. काजव्याच्या पोटात लुसिफेरिन नावाचं द्रव्य असतं, पण ते आपलं आपण उजळत नाही. त्याला लुसिफेरेज नावाचं विकर भेटावं लागतं, तेव्हा कुठं उजेड पडतो आणि तोही थंडगार. हे मला माझ्याच साखरपुड्याच्या पंगतीत, हातात जिलबी असताना, समजावून सांगण्यात आलं. "जावईबापू, तुमच्यात सामान लई हाय, विकर तेवढं नाय," असा निकालही तिथंच लागला. मेहुणीला बघायला मावशींच्या घरी आलेला इंजिनिअर दिव्यांच्या कारखान्यात होता. "आमचे दिवे अजिबात तापत नाहीत," असं तो बिचारा बोलून गेला. मावशींनी खिडकीतून गवताकडं बोट दाखवलं आणि विचारलं, "त्यांच्यापेक्षा?" ते लग्न काही जमलं नाही.

ज्येष्ठात त्या दिवेलागणीला घरातला एकही दिवा लावत नाहीत. नर उडता उडता चमकतो, गवतातली मादी चमकून उत्तर देते. मधे आपला उजेड घुसला की दोघांना एकमेकांचा पत्ता लागत नाही. एकदा आम्ही सगळे काजवे बघायला गेलो होतो. घर काळोखात, दाराशी चपलांचा ढीग, आत दबकं बोलणं. शेजाऱ्यांनी समजायचं ते समजून घेतलं. थोड्याच वेळात मंडळी पडेल चेहऱ्यानं जमली. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून पलीकडच्या घरातल्या मुस्लिम शेजारणीनं, खालांनी, भाकरी आणि पिठलंसुद्धा आणलं. अंधारात मावशींचाच हात धरून त्यांनी विचारलं, "कैसा हुआ जी?"

"बसा, दाखवते," मावशी म्हणाल्या. सगळ्यांना अंगणात बसवून काजवे दाखवले आणि वर ते पिठलंही वाढायला लावलं. "मेलं कुणी नाय. पण तुम्ही असे दिवे लावीत राहिलात तर हे मरतील."

पुढं महापालिकेनं नेमका त्या गवताशेजारी दिव्याचा खांब रोवला. नगरसेवक समजूत घालायला आले. "मावशी, लेकीबाळी येत्यात-जात्यात, उजेड नको व्हय? अन् किड्यांचं काय मत असतंय?"

"नसतंय, म्हणून तर मी बोलायलेय. रस्त्यावर पाडा की उजेड! गवतात कोणती लेक जाते?"

तरी दिवा लागलाच. दुसऱ्या दिवशी मावशींनी तेलाचा रिकामा डबा कापून त्याचं टोपडं केलं आणि शिडीवर चढून दिव्याची गवताकडची बाजू झाकली. शिडी अर्थातच जावयानं धरली होती. महापालिकेचा माणूस टोपडं काढायचा, मावशी नवं चढवायच्या. घरातलं तेल संपायच्या आत रिकामे डबे संपायला लागले, तरी बाई मागं हटली नाही. मला त्यांची भीती वाटायची आणि अभिमानही वाटायचा.

यंदा गुडघ्यांनी मावशींना शिडी चढू दिली नाही, म्हणून मी चढलो. "डावीकडं घ्या! तुमची डावी नाय, माझी!" खालून हुकूम सुटत होते. दिवेलागण झाली. रस्त्यावर उजेड पडला, गवत काळोखात राहिलं. मावशी खुर्ची टाकून बसल्या. बऱ्याच वेळानं एक काजवा आला, चमकत गवतावरून गेला, वळून परत आला. खालून कुणी उत्तर दिलं नाही.

"मावशी, एकच राहिला हो," मी म्हणालो.

मावशींनी पदरानं डोळे पुसले. त्यांना असं करताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग त्या खुर्चीत ताठ बसल्या.

"तो विचारायलाय ना अजून? मग टोपडं निघणार नाय. शिडी इथंच राहू द्या."