ट्रकचा सिलिंडर
आम्ही बौद्ध झालो त्याच्या पुढच्या वर्षी मी अमरावतीत मोटारदुरुस्तीचं दुकान टाकलं. जागा द्यायला कोणी तयार नव्हतं. अकोल्याच्या एका वकिलांनी शब्द टाकला, तेव्हा ती मिळाली. या वकीलसाहेबांकडे दोन सीटांची विलायती उघडी गाडी होती. अकोल्याजवळच्या धावपट्टीवर विमान नसलं की चारपाच हौशी लोक गाड्या पळवत. एरवी शांत असलेला हा माणूस तिथं ओळखू येत नसे.

एका उन्हाळ्यात त्या गाडीच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर गळू लागला. पेडल दाबलं की चारही चाकांकडे तेल ढकलतो, तो हा भाग. तसाच दुसरा मिळेना. साहेब भंगारातून ट्रकचा घेऊन आले.

"साहेब, हा नोका लावू," मी म्हणालो. "याची नळी रुंद हाय. पेडल घट्ट लागन, पण चाकाले जोर कमी पोचन."

"एवढ्या मोठ्या ट्रकले थांबवते, अन् माह्या गाडीले नाई थांबवणार?"

"ट्रकचं सारंच मोठं असते, साहेब. तुमच्या चाकाचे ब्रेक लहान हायेत. तुमाले दुप्पट जोर लावा लागन."

"तू बसव."

त्यांना नाही म्हणायला माझी जीभ रेटली नाही. मी बसवला.

गावात गाडी बरी थांबली. साहेब खूश होते. मला ते दगडासारखं पेडल आवडलं नव्हतं, म्हणून रविवारी मीही त्यांच्यासोबत धावपट्टीकडे निघालो. मूर्तिजापूरच्या अलीकडे एक बैलगाडी आडवी आली. आमची गाडी बैलापासून हातभर अंतरावर थांबली.

"थांबली ना?" साहेब हसले. त्यांची पोटरी मात्र थरथरत होती.

"परत फिरू, साहेब."

त्यांनी गाडी अकोल्याकडेच पुढे काढली.

धावपट्टीवर मी त्यांच्या शेजारी बसलो. पहिल्या दोन फेऱ्या निभावल्या. तिसऱ्या फेरीत पट्टीचं टोक जवळ आलं, तेव्हा साहेब दोन्ही पायांनी पेडलवर जवळजवळ उभेच राहिले. पेडल घट्टच होतं. गाडी मात्र पळतच होती. पट्टी संपली, मुरूम उडाला आणि आम्ही नालीत आदळलो.

मला खरचटलं होतं. साहेबांचा उजवा गुडघा स्टिअरिंगखाली चिरडला होता.

"तू सांगतलं होतं," ते कण्हत म्हणाले.

"बसवला तर म्याच ना, साहेब."

तो पाय पुन्हा वाकला नाही. ते काठी घेऊन कोर्टात जाऊ लागले. चूक आपलीच, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. त्यामुळे मला झोप लागत नसे.

पुढे मी मापं घेऊन योग्य सिलिंडर शोधला आणि बसवला. गाडी मोर्शीच्या एका तरण्या बागायतदारानं विकत घेतली. त्यानं पेडल दाबून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"लयच नरम लागून राह्यलं, मिस्त्री. याच्याऊन मोठा सिलिंडर नाई भेटत का?"

मी त्याला तीनदा समजावलं. तो मान हलवत होता, पण त्याची नजर रस्त्याकडे होती.