सोन्याऐवजी हरताळ

मला चित्र काढता येत नाही. तेव्हाही येत नव्हतं. तरीही तीनेक वर्षं कुंभकोणमच्या भजनमठात शनिवारी आणि रविवारी दुपारी मी चित्रकलेच्या वर्गाला मांडी घालून बसत होते, कारण मी गेले नाही तर माझ्या आत्याला जाता येत नव्हतं.

आत्या एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन आमच्याकडे परत आली, त्याला तेव्हा सात वर्षं झाली होती. आमचं घर पिढ्यानपिढ्या तिकडे राहिलेल्या मराठी माणसांचं. देऊळ, विहीर आणि चूल एवढाच तिचा फेरा. घरात तिला कुणी वाईट वागवत नसे, पण तिच्याकडून कुणाला कसली अपेक्षाही नव्हती. मला त्याचाच जास्त राग येई. मठात मोठ्या माणसांना आणि शाळकरी मुलांना तंजावुरी चित्रं शिकवणार, फी अगदी नावापुरती, असं कळल्यावर तिनं मला बाबांपुढे उभं केलं. पोरीचा हात चांगला आहे म्हणाली, सोबतीला मी जाईन. माझा हात कसा आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाबांनी फी विचारली आणि होकार दिला.

वर्गात आम्ही पंधराएक जण होतो. भांड्यांच्या दुकानातला कारकून, दोन रेशमाचे विणकर, एक पेन्शनीतला पोस्टमन, बाकी हायस्कुलातली मुलं. शिकवणारे मास्तर, त्यांना सगळे वाद्यार म्हणत, पट्टीश्वरम्हून सायकलवर येत. बोलायला गोड माणूस आणि चित्रकारांच्या जुन्या घराण्यातला. एवढा मोठा कारागीर आम्हां भुक्कडांना स्वस्तात कशाला शिकवतोय, असं पहिल्याच दिवशी माझ्या मनात आलं. उत्तर त्यांच्या हातांतच होतं. बोटं थरथरत होती. तळहातांवर मोहरी चिकटून बसावी तसे काळपट, खरखरीत दाणे होते. माझी नजर पाहून ते हसले. ही आमच्या घराण्याची खूण, म्हणाले. आजोबांचे, वडिलांचे, काकांचे, सगळ्यांचे हात असेच होते. त्यांतल्या कुणी पन्नाशी पाहिली नाही, हेही त्यांनी सहज सांगून टाकलं.

तंजावुरी चित्र म्हटलं की सोन्याचा वर्ख आलाच. आमच्या वर्गाला तो कुठून परवडणार? वाद्यारांनी त्यावर तोड काढली होती. सोन्याच्या जागी पिवळा रंग भरायचा. त्याचा दगड ते गावठी औषधांच्या दुकानातून आणत आणि आमच्यासमोर खलात घोटत. त्यातले पापुद्रे असे चमकत की सोनं विसरावं. त्याला ते तमिळमध्ये अरिदारम् म्हणत. हा शब्द आम्हाला नवा नव्हता. नाटकवाले तोंडाला फासतात त्या रंगालाही आमच्या गावात अरिदारम्च म्हणत. माणसं जे रोज तोंडाला लावतात ते जिभेला काय करणार, असं आम्ही धरून चाललो.

कारण काम जिभेशीच होतं. बारीक रेघ ओढायची तर खारीच्या केसांच्या कुंचल्याला टोक लागतं, आणि ते पाण्यानं येत नाही. वाद्यार रंगात बुडवलेला कुंचला ओठांत धरून जिभेवर एकदा फिरवत आणि मग रेघ ओढत. आम्हीही तसंच करायला शिकलो. माझी रेघ तरीही दोरखंडाएवढीच यायची, म्हणून लवकरच मला चित्रांच्या लाकडी फळ्या घासायच्या कामाला लावलं गेलं. मी त्यातच खूष होते.

आत्याची रेघ मात्र वर्षाच्या आत वाद्यारांच्या वरताण झाली. मठाच्या चालकांनी मंडपासाठी विठ्ठलाचं मोठं चित्र सांगितलं, ते वाद्यारांनी तिच्याकडे सोपवलं. हे पुरं झालं की वर्ग हिच्याकडे देतो, माझे हात आता संपले, असं सगळ्यांसमोर बोलले. चालकांनीही मान डोलावली. घरी येताना आत्या इतकी भरभर चालत होती की मला मागून पळावं लागलं.

विठ्ठलाचा पीतांबर भरायला घेतला आणि तिचं पोट बिघडलं. घरातल्या बायका म्हणाल्या, उपास जास्त होतात. मग बोटांना मुंग्या यायला लागल्या. हातातून पेला सुटला, एकदा नव्हे, तीनदा. एका सकाळी ती माझी वेणी घालत होती आणि तिचा हात मानेला घासला. मी तो ओढून उलटा केला. तळव्यावर चार-पाच बारीक दाणे उठले होते. वाद्यार म्हणत होते घराण्याची खूण. पण आत्या त्यांच्या घराण्यातली नव्हती.

त्याच आठवड्यात मी घरी माझ्या आजोबांना पाणी द्यायला गेले. ते जुन्या पोथ्यांच्या नकला करत. अक्षर चुकलं की त्यावर पिवळा लेप देत आणि तो वाळला की वर बरोबर अक्षर लिहीत. एखाद्या गोष्टीला हरताळ फासला असं आपण म्हणतो, तो हाच हरताळ. घरातल्या प्रत्येक पोराला तो माहीत होता, कारण त्या वाटीला हात लावला की मार बसे. त्या दिवशी वाटीवर ऊन पडलं होतं आणि आत पापुद्रे चमकत होते. मी वाकून बघायला लागले तसे आजोबा ओरडले.

"शिवूं नक्को. वीष आहे तें. पोथीस कसर लागत नाही ती कसाला?"

घरात हरताळ, बाहेर अरिदारम्, दगड एकच. दोन्ही शब्द माझ्या डोक्यात वर्षभर शेजारी राहिले होते, पण त्यांची ओळख झाली नव्हती. वाद्यारांना मराठी येत नव्हती आणि आजोबा वर्गाकडे कधी फिरकले नाहीत. हे जुळवू शकेल असं माणूस गावात बहुधा मी एकटीच होते.

आत्याला मी विहिरीवर गाठून सगळं सांगितलं. तिनं घागर वर ओढली, काठावर ठेवली आणि आणखी कोणाला सांगितलंस, एवढंच विचारलं. कोणालाच नाही, मी म्हटलं.

"सांगूं नक्को," ती म्हणाली. "मज येवढं चित्र करूं दे."

मी रडायला लागले तेव्हा तिनं कबूल केलं की यापुढे पाण्यानंच टोक काढीन. शनिवारी ती पाण्याची वाटी घेऊन बसली. पीतांबराच्या काठाची पहिली रेघ फुगली. तिनं ती पुसली. दुसरी फुगली, तिसरीही. मग तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं आणि कुंचला तोंडात घातला. रेघ सुरेख आली.

मी तेव्हा ओरडायला हवं होतं. मी भ्याले, हे एक. दुसरं असं, की ती पुन्हा चुलीपाशी बसलेली मला बघवली नसती. आणि बाकीचे तेरा-चौदा जण? त्यांचा मी विचारच केला नाही.

पंधरा दिवसांनी ती ओकून ओकून न्हाणीत कोसळली. डॉक्टर आले. त्यांनी तिच्या नखांवरच्या पांढऱ्या रेषा निरखल्या आणि विचारलं, हिच्या पोटात काही औषध, काही रंग, असलं काही जातं का? हिच्याबरोबर सगळीकडे ही असते, असं म्हणत बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. आत्यानं डोळे उघडले होते.

"नाही," मी म्हटलं.

आठवडाभरात ती उठली. चित्र पुरं झालं, मठात लागलं, लोकांनी हात जोडले. वर्ग तिच्याकडे आला. पहिल्याच दिवशी तिनं प्रत्येकापुढे पाण्याची वाटी ठेवली. कुंचला तोंडात घालील त्याला मी उठवीन, असं बजावलं. रेघा जाड येतात म्हणून विणकर कुरकुरले, पण ती बधली नाही. स्वतःपुढे मात्र तिनं वाटी ठेवली नाही. मठांतून, देवळांतून चित्रांची मागणी येत होती, आणि इतकी हसरी आत्या मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. हे दोन वर्षंसुद्धा टिकलं नाही. आधी बोटं गेली, मग पाय, मग ती अंथरुणाला खिळली.

तेव्हा मी बाबांना सगळं सांगितलं.

"तुज कधीपासून ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर आले त्याच्या आधीपासून, मी म्हटलं. ते उठून तिच्या खोलीत गेले. दारातून मला तिचा आवाज ऐकू आला. पोरीस काही बोलूं नक्को, मीच तिज गप्प राहा म्हटलं, असं ती त्यांना सांगत होती. बाबांनी तिला शब्द दिला आणि ती गेल्यानंतरही तो पाळला. मला ते कधीच काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.