आठ जहाजं गॅस आणि फोपनारचा बयाणा

“मॅडम, सगळ्यांत स्वस्त पार्टीला बाजूला ठेवून महागडीकडून गॅस घ्यायचा, हे फाइलवर लिहिणार कोण?”

चोप्रासाहेबांनी दिल्लीहून हा प्रश्न विचारला तेव्हा मी फोपनारला, रघुनाथकाकांच्या केळीच्या बागेत, विहिरीवरच्या मोटारघराला टेकून उभी होते. काकांच्या अख्ख्या शेतात मोबाइलला रेंज तेवढ्या एकाच जागी येते. एका कानाला फोन, दुसऱ्या कानात बोट, चपला चिखलात. वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी चार दिवसांची रजा काढून मी बऱ्हाणपूरला आले होते आणि रविवारी काकांना भेटायला म्हणून फोपनारला. आमच्या नोकरीत रजा मंजूर होते, फोन बंद होत नाहीत.

“मी लिहीन, सर,” मी म्हणाले.

“विचार करून लिहा. रिटायरमेंटला चौदा महिने राहिलेत तुमचे. उद्या अकराला मीटिंग आहे, तिथूनच व्हिडिओवर या.”

साहेब धमकावत नव्हते, खरं तेच सांगत होते. सरकारी कंपनीत स्वस्त सोडून महाग घेणाऱ्या अधिकाऱ्याची चौकशी लागते, आणि चौकशी लागली की पेन्शनचे कागद कपाटात जाऊन बसतात. तेहतीस वर्षांत माझ्या नावावर साधा मेमो नव्हता. तो शेवटच्या वर्षात यावा अशी माझी मुळीच इच्छा नव्हती.

आधी माझं काम काय होतं ते सांगते. मी परदेशातून गॅस विकत घ्यायचे. हे ऐकलं की आमच्या गल्लीतल्या बायका अजूनही विचारतात, “शोभाताई, मंग आमचं सिलिंडर कधी सस्तं होईन?” बायांनो, तो गॅस वेगळा. माझा गॅस खताच्या कारखान्यांना लागतो, सीएनजीच्या पंपांना लागतो, मोठ्या शहरांत पाइपातून घरोघरी जातो. आपल्या देशात निघतो तो पुरत नाही. म्हणून परदेशात तो प्रचंड थंड करून पातळ करतात, थर्मासच्या बाटलीसारख्या जहाजांत भरतात, आणि आपल्या किनाऱ्यावर पुन्हा त्याचा गॅस करतात. एका जहाजभर मालाला कार्गो म्हणतात.

विकत घेण्याच्या दोन तऱ्हा. एक, वर्षानुवर्षांचा करार. त्यात माल ठरलेला, भावाचं सूत्र ठरलेलं, झोप शांत. दुसरी तऱ्हा स्पॉट, म्हणजे लागेल तेव्हा बाजारात जायचं आणि त्या दिवशीच्या भावाने घ्यायचं. बाजार पडलेला असला की स्पॉटवाले हुशार ठरतात, चढला की करारवाले. सगळं कौशल्य किती इकडे आणि किती तिकडे, यात असतं. आणि ते ठरवताना पुढचा हिवाळा कुणालाच दिसत नसतो.

त्या वर्षी हिवाळ्यासाठी आठ कार्गो हवे होते. दोन ऑफर आल्या. पहिली एका व्यापारी कंपनीची, सगळ्यांत स्वस्त. आमच्या भाषेत एल-वन. एल-वन हा सरकारी खरेदीतला देव आहे, त्याच्या पाया पडलं की कुणी काही विचारत नाही. दुसरी ऑफर एका उत्पादक कंपनीची. तिचा स्वतःचा प्लान्ट, स्वतःची जहाजं, पण भाव चांगलाच चढा. एल-वनबद्दल माझ्या मनात खुटखुट होती. ती शब्दांत मांडता येत नव्हती, आणि फाइलवर खुटखुट लिहिता येत नाही.

फोन ठेवून मी बांधावर आले तर काकांपाशी एक व्यापारी उभा होता. घड कापणीला आले होते. व्यापाऱ्याने भाव सांगितला, खिशातून नोटा काढल्या आणि म्हणाला, “काका, बयाणा घ्या, पुरी बाग आपली. मंडीत याच्यावर भाव भेटनार नाही.”

बयाणा म्हणजे सौदा पक्का झाल्याची आगाऊ रक्कम. काकांनी ती मोजलीसुद्धा नाही. “रस्त्याच्या बाजूच्या चार ओळी घेऊन जाय. बाकीची बाग देली मी दुसऱ्याले.”

“त्यानं तर भाव कमी देला असंन!”

“देला ना कमी.”

व्यापारी चार ओळींचा बयाणा देऊन, तोंड वाकडं करून मोटरसायकलवरून निघून गेला. मला राहवेना. “काका, हा जास्त देत होता ना?”

“भाव तर कोनीबी बोलते, बेटा. त्याले इचार, गाडी कोनाची? घड कापाले मानसं कोनाचे?” काकांनी एका घडाखाली हात धरून त्याचं वजन पाहिलं. “याच्याजवळ ना गाडी, ना मानसं. हा मंडीतून फोन करून कोनाची तरी गाडी मांगते. पोरसाल यानंच बयाणा देला होता. आठ दिवसांत भाव पडला, तं आलाच नाही. बयाणा सोडला, मोकळा झाला. माहे घड झाडावरच पिवळे झाले. पिकलेलं केळं दिल्लीले थोडीच जाते?”

“मग आज चार ओळी तरी त्याला का दिल्या?”

“पुरी बाग एकालेच देली, तं तो पुढच्या साली घरी बसून भाव सांगीन. याले थोडं देत रायलं म्हंजे तो पन जाग्यावर रायते.”

माझं पुढच्या बोलण्याकडे लक्षच राहिलं नाही. काकूने वाढलेलं भरीत कसंबसं खाल्लं आणि बऱ्हाणपूरला परतले. वडील डोळ्याला हिरवी पट्टी लावून रेडिओ ऐकत पडले होते. त्यांच्या शेजारच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि एल-वनचा कराराचा मसुदा काढला. भावाचं पान मी दहा वेळा वाचलं होतं. आता बयाण्याचं पान शोधत होते.

सापडलं. विक्रेत्याने कार्गो दिला नाही, तर त्याने द्यायची भरपाई जास्तीत जास्त कार्गोच्या किमतीचा पाचवा हिस्सा. म्हणजे बाजार पाचव्या हिश्शाहून जास्त चढला, की भरपाई आमच्या तोंडावर फेकून तोच माल दुसऱ्या देशाला विकणं त्याला फायद्याचं. आम्ही मात्र भर थंडीत रिकाम्या धक्क्यावर उभे. उत्पादक कंपनीच्या मसुद्यात हीच अट वेगळी होती. माल आला नाही आणि आम्हाला दुसरीकडून घ्यावा लागला, तर मधला सगळा फरक ते भरणार. त्यांचा भाव चढा होता त्याचं कारण इथे होतं. माझी खुटखुट काय होती ते मला कळलं, आणि आता ती लिहिता येत होती.

सोमवारी अकराला मीटिंग सुरू झाली. सव्वाअकराला आमच्या गल्लीतली लाइट गेली, मग मी मोबाइलवर आले. फायनान्सचे बन्सल पहिल्यापासून तापलेले होते.

“मॅडम, बाजार खाली चाललाय आणि तुम्ही जास्त पैसे द्यायचं म्हणताय?”

“एल-वनला दोनच प्रश्न विचारा,” मी म्हणाले. “गॅस कुठल्या प्लान्टचा? जहाज कोणाचं?”

साहेबांनी तिथल्या तिथे विचारायला लावलं. उत्तर आलं, ‘आमच्याकडे अनेक स्रोत आहेत.’ प्लान्टचं नाव नाही, जहाजाचं नाही. भरपाईची मर्यादा काढाल का, असं विचारलं तर स्वच्छ नकार. आपण देणारच आहोत अशी ज्याची खात्री असते, त्याला ती अट काढायला काय हरकत होती?

“म्हणजे आठही महागड्याला द्यायचे?” साहेबांनी विचारलं.

“नाही. पाच त्याला, तीन एल-वनला. ऑर्डर विभागण्याचा हक्क टेंडरमध्ये आपण ठेवलाय. आठही एकाला दिले तर पुढच्या वर्षी तो सांगेल तो भाव. आणि तीन बुडाले तर ते स्पॉटमधून कसेबसे उभे करता येतील. आठ बुडाले तर खताचे कारखाने बंद ठेवावे लागतील.”

बन्सल यांनी असहमतीची नोंद करायला लावली. साहेब म्हणाले, “नोट तुमची, सही तुमची.” मी दोन्ही केलं.

पुढचे तीन महिने वाईट गेले. बाजार आणखी पडला. कॅन्टीनमध्ये कुणीतरी विचारायचं, “मॅडम, तुमची सोन्याची जहाजं कधी येताहेत?” मी हसायचे आणि घरी येऊन नवऱ्यावर चिडायचे. मग ऑडिटचं पत्र आलं: स्वस्त ऑफर उपलब्ध असताना पाच कार्गो चढ्या दराने घेण्याचे कारण कळवावे. मी सहा पानी उत्तर पाठवलं. ते पोचल्याचं कळवलं गेलं, बाकी काही नाही. त्या काळात मी पेन्शनचा हिशेब काढून पाहणं सोडून दिलं होतं.

डिसेंबरात वारं फिरलं. कुठे मोठा प्लान्ट बंद पडला, कुठे थंडीने कहर केला, आणि स्पॉटचा भाव दोन आठवड्यांत दुपटीच्या पुढे गेला. त्याच आठवड्यात एल-वनची ईमेल आली. दिलगिरी, अपरिहार्य कारणं, आणि दोन कार्गोंची भरपाई करारानुसार सोबत. एक तेवढा आधीच पोचला होता. भरपाई अगदी वेळेवर आली. ती ईमेल वाचताना मला काकांचे पिवळे घड दिसत होते.

आता सगळी भिस्त उत्पादक कंपनीवर. तिचं पहिलं जहाज अरबी समुद्रात होतं. जहाज कुठे आहे ते आम्हाला स्क्रीनवर ठिपक्यासारखं दिसतं. किनारा एका दिवसावर आला आणि ठिपका थांबला. सकाळी थांबला तो दुपारपर्यंत जागचा हलेना. बन्सल माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. “हेही वळणार बहुतेक,” ते हळूच म्हणाले. त्या वेळी टोमणा नव्हता त्यांच्या आवाजात, तेही घाबरले होते. एका खत कारखान्याचा मॅनेजर तासातासाला फोन करून विचारत होता, प्लान्ट चालू ठेवू की बंद करू? मी त्याला चालू ठेवा म्हणत होते, कशाच्या जोरावर ते मलाच माहीत नव्हतं.

तीन वाजता टर्मिनलवरून फोन आला. धक्क्यावर आधीचं जहाज रिकामं होत होतं, म्हणून आपल्याला बाहेर थांबवलं होतं. आता आत घेतायत. ठिपका हलला. मी बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं आणि मनसोक्त रडले. इतकं हलकं मला मुलीच्या बारावीच्या निकालानंतरही वाटलं नव्हतं. बाहेर आले तर बन्सल माझ्या टेबलावर चहा ठेवून गेले होते.

पाचही कार्गो आले. बुडालेल्या दोनांपैकी एक आम्ही महाग स्पॉटमधून घेतला, एकाची तूट सगळ्या ग्राहकांत थोडी थोडी वाटली. कारखाना एकही बंद पडला नाही.

निवृत्तीच्या दोन महिने आधी ऑडिटचं दुसरं पत्र आलं. पहिली शंका निकाली काढली होती. त्याखाली नवी शंका होती: विक्रेता माल न देण्याचा धोका आपल्या नोटमध्ये नमूद असताना त्यास तीन कार्गो देण्याचे कारण कळवावे.

साहेबांनी पत्र माझ्यापुढे धरलं. आम्ही दोघंही इतके हसलो की शिपाई डोकावून गेला. मग मी स्पर्धा, पुरवठादारांमधलं संतुलन असे शब्द घालून दीड पान लिहिलं आणि तीही शंका मिटली. मेमो न घेता, पूर्ण पेन्शन घेऊन मी बऱ्हाणपूरला आले.

फोपनारला जाऊन काकांना सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “बयाणा किती होता?”

“पाचवा हिस्सा.”

“मंग त्याले तीन काहून देले? येवढ्या बयाण्यावर एकच द्याचा होता.”

ऑडिटला हे दोन पत्रांत विचारता आलं नव्हतं. काकांचं बरोबर होतं. बाजार पडलेलाच राहिला असता तर माझे पाचही चुकले असते, हेही तितकंच खरं. तेहतीस वर्षांत माझ्या हाती लागलं ते इतकंच, की भाव सगळ्यांत शेवटी विचारावा आणि गाडी कोणाची हे सगळ्यांत आधी. काकांना हे सातवी नापास होऊन कळलं होतं, आणि पेन्शन त्यांना नाही.