दोन्हीकडचा परवा

परवा लेक नोकरीसाठी परगावी गेली. दारातल्या तिच्या चपलांच्या रिकाम्या जागेकडे बघत मी दमून बसलो होतो. शेजारच्या मार्थामावशी म्हणाल्या, “सुट्टीला येईल की परवा.”

“परवाच तर गेली.”

“मी पुढच्या परवाचं म्हणतेय, भाऊ.”

आपल्या भाषेत दोन्हीकडे एकच परवा. इतिहासातलं सुवर्णयुग आणि माझ्या गोष्टींतलं सत्ययुग, दोन्ही मागच्या परवाची. मावशींच्या ख्रिस्ती धर्मातही माणसानं हरवलेली स्वर्गासारखी एदेन बाग मागेच आहे; पण त्या वाट बघतात ती येणाऱ्या देवराज्याची. माझी मान मात्र मागे वळूनच अवघडलेली. त्यात माझ्या सत्ययुगाला जांभई न देणारी एकुलती एक श्रोती गेलेली.

आतून बायको म्हणाली, “अहो, सवयीनं पोळ्या तिघांच्या झाल्यात. मावशींना आत बोलवा.”