मेक्सिकोत कोण बुडत होतं

मागच्या महिन्यात एक बाई आमच्या लखनौतल्या इंदिरानगरच्या घरी आल्या आणि चपला काढल्या काढल्या माझ्या पाया पडल्या. त्यांच्या नातीला शाळेच्या पोहण्याच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं. म्हणाल्या, "भाई साहब, सब आपकी वजह से है. आप भाभी जी को न सिखाते, तो भाभी जी हमें क्या सिखातीं!"

बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, ट्रे ठेवला आणि "बिस्किटं आणते" म्हणून आत गेली. हे वाक्य कुणी बोललं की ती नेहमी बिस्किटंच आणायला जाते. बिस्किटं ट्रेमध्ये होतीच.

तर आता हे सगळं एकदा नीट सांगून टाकतो. मी माझ्या बायकोला पोहायला शिकवलेलं नाही. मला स्वतःलाच पोहता येत नाही.

लखनौत मराठी माणूस म्हणजे बंबईवाला, आणि बंबईवाला म्हणजे समुद्रात जन्मलेला, असा सरळ समज असतो. मी अकोल्याचा. आमच्याकडे नदी आहे, पण तिला पाणी आलं तर लोक बघायला जातात. हजरतगंजच्या आमच्या बँकेत साहेब विचारायचे, "आप लोग तो समुंदर वाले ठहरे, मछली की तरह तैरते होंगे?" मी नुसता हसायचो. हसण्याने खोटं बोलल्याचं पाप लागत नाही, असं तेव्हा वाटायचं.

तसं पाहिलं तर मी पोहायला शिकलो होतो. मामाने पाठीला रिकामा डबा बांधून मला विहिरीत सोडलं होतं. डबा काढायची वेळ आली त्या उन्हाळ्यात विहीर आटली. म्हणजे मला पोहता येत होतं, पण डब्यासकट.

बायको कोकणातली, खाडीकाठच्या गावची. होडी चुकली तर मुली दप्तर डोक्यावर धरून पोहत शाळेत जायच्या, असं ती सांगायची. मला ती माहेरची थाप वाटायची. लग्न होऊन ती लखनौला आली, आणि त्यानंतर तिच्या अंगाला जे पाणी लागलं ते बादलीतलं.

नव्वदच्या दशकात, मी नोकरीत होतो तेव्हाच, कॅलिफोर्नियात असलेल्या धाकट्या मेहुण्याने आम्हा दोघांना हट्टाने बोलावून घेतलं. आणि तिथे पोहोचल्यावर म्हणाला, "इथे काय बघायचं! मेक्सिकोला जाऊ. समुद्रावर लाकडी बंगली घेतली आहे. भाऊजी, तुम्हाला लाटेवर उभं करतो!"

"म्हणजे?"

"फळी घ्यायची, लाट आली की तिच्यावर उभं राहायचं. पोहता येतं ना?"

"म्हणजे काय!" मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "डबा आणलाय का बरोबर?" तिने हळूच विचारलं.

ते गाव लहानसं होतं. नारळाची झाडं, रस्त्यात झोपलेली कुत्री, कोपऱ्याकोपऱ्यावर मक्याच्या भाकऱ्या भाजणाऱ्या बाया. बायको एका बाईच्या तव्यापाशी बराच वेळ उभी राहिली आणि परत येऊन म्हणाली, "थापायला बरं जमतंय तिला." गाव तिला तेवढ्यावरच आवडून गेलं.

लाटेवर उभं राहायला शिकवणारे आमचे मास्तर माझ्याच वयाचे होते, पण केस कमरेपर्यंत आणि अंगावर चरबीचा कण नाही. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, सगळं खुणांनी. आधी वाळूवरच फळीवर पालथं झोपायचं, मग हातांवर जोर देऊन एकदम उठायचं. हे तर अर्धे सूर्यनमस्कारच. वाळूवर मी इतका झकास उभा राहिलो की मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. सगळा घात त्या टाळ्यांनी केला.

फळीला एक लांब दोरी असते. तिच्या टोकाचा पट्टा पायाच्या घोट्याला आवळायचा, असं मास्तरांनी दाखवलं. मला ते पटेना. तरंगणारी वस्तू कमरेला किंवा पाठीला बांधायची असते, एवढं तर अकोल्यात शेंबडं पोरही सांगेल. पायाला बांधली तर माणूस उलटा तरंगेल! मास्तरांची पाठ वळताच मी पट्टा घोट्यावरून काढला. कमरेला तो पुरत नव्हता, म्हणून चड्डीच्या नाडीत ओवून गाठ मारली. चड्डी लखनौला आलमबागच्या शिंप्याकडून या प्रवासासाठी खास शिवून घेतलेली, गुडघ्यापर्यंत, लेंग्याच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची. शिंप्याने नाडी उत्तम घातली होती. नाडीबद्दल माझी आजही तक्रार नाही.

लाट आली. मी उठलो, क्षणभर उभा राहिलो आणि पडलो. फळी सुसाट किनाऱ्याकडे निघाली आणि जाताना चड्डीला बरोबर घेऊन जाऊ लागली. चड्डी गुडघ्यांपर्यंत उतरली आणि तिथे अडकली. आता माझे दोन्ही पाय बांधलेले, फळी मला गुडघ्यांनी ओढते आहे आणि डोकं पाण्याखाली. वर आलो की "आई गं!" ओरडायचो आणि खाली जाताना "गं" गिळायचो. मेहुणा आणि मास्तर लांब, दुसऱ्या लाटेच्या नादात होते.

बायको किनाऱ्यावर बसली होती. पाचवारी साडीचा काचा मारून ती पाण्यात कधी शिरली ते मी पाहिलं नाही. एकदम माझे केस कुणीतरी मुठीत धरले. तेव्हा केस होते.

"हातपाय झाडू नका! मुकाट पडून राहा!"

"माझी चड्डी..."

"आपल्या लग्नाला पंचवीस वर्षं होत आली. मुकाट पडून राहा म्हणते ना!"

तिने नाडीची गाठ दातांनी सोडवली, मला कमरेभर पाण्यात आणून उभं केलं आणि कमरेला खोचलेला पंचा माझ्याकडे फेकला. मी वाळूत खोकत बसलो. ती मात्र बाहेर आलीच नाही. फळीकडे बघत होती.

"लहानपणी मोडक्या होडीची फळी घेऊन आम्ही हेच करायचो," ती म्हणाली. "याला शिकवणी लावतात होय?"

आणि ती फळी घेऊन आत गेली. उभी नाही राहिली, पालथी झोपूनच, पण लाटेच्या अगदी माथ्यावरून वाळूपर्यंत आली. मग पुन्हा गेली. मास्तरांनी पळत येऊन तिच्यापुढे टोपी काढली. मेहुणा नाचत होता, "ताई! ताई!" तिची वेणी सुटली होती आणि ती मोठ्याने हसत होती. लखनौत इतक्या वर्षांत मी तिला तसं हसताना ऐकलं नव्हतं. हे मी तेव्हा पाहिलं आणि तरीही पुढे जे केलं ते केलं.

परत आल्यावर आमच्या मराठी मंडळाने दिवाळी मेळाव्यात माझं व्याख्यान ठेवलं. बँकेतले लोक, छावणीतली फौजी कुटुंबं, शेजारीपाजारी, आणि पहिल्या रांगेत आमचे साहेब. "समुंदर वाले" साहेब. मी मेक्सिकोपर्यंत खरं बोललो. लाटेपाशी आल्यावर माझी जीभ परस्पर वळली. मी सांगितलं की मी लाटेवर उभा होतो, तेवढ्यात बायको पाण्यात घसरली, किंचाळली, आणि मला फळी सोडून तिला बाहेर काढावं लागलं. टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, "हमने तो पहले ही कहा था!"

घरी आल्यावर बायकोने शांतपणे कुलूप उघडलं. "मी किंचाळले ते कसं, जरा करून दाखवा ना," ती म्हणाली. "उद्या कुणी विचारलं तर मला यायला हवं."

मला वाटलं, थट्टेवर निभावलं. पुढच्या उन्हाळ्यात कॉलनीजवळच्या एका क्लबाने पोहण्याच्या तलावावर सकाळी बायकांची वेगळी तुकडी काढायचं ठरवलं. पुरुष मास्तरांकडे कुणी बाई जायला तयार नव्हती. शिकवणारी बाई मिळेना. आमच्याच घरी चहाला क्लबातले सगळे जमले होते. बायको म्हणाली, "मैं सिखा दूँगी."

मग क्लबाच्या सेक्रेटरींची पत्नी खळखळून हसली. "अरे भाभी जी, आप? आप तो मेक्सिको में डूबते-डूबते बचीं!" सगळी खोली हसली. बायकोने माझ्याकडे पाहिलं. माझ्या बशीत खस्ता कचोरी होती. मी कचोरीकडे पाहिलं.

तिला ते काम किती हवं होतं, ते मला त्या रात्री कळलं. तिने बोलणंच बंद केलं, आणि भाजीत मीठ मात्र अगदी बरोबर पडू लागलं. रागावली की तिचं मीठ चुकतं. हे रागाच्या पलीकडचं होतं.

तलावाच्या उद्घाटनाला आम्ही दोघे गेलो. सेक्रेटरी भाषण करत होते. बायकोने चपला काढल्या, काचा मारला आणि सरळ खोल बाजूला उडी घेतली. आणि वर आली नाही.

एकच गोंधळ! "भाभी जी गिर गईं!" "भाई साहब, कूदिए!" कुणी माझा चष्मा काढून घेतला, कुणी घड्याळ. साहेबही होते. "अरे भई, आप तो समुंदर वाले हैं!" पाण्याच्या तळाशी ती मला चष्म्याशिवायही दिसत होती. आरामात बसली होती, पडवीत पाटावर बसावं तशी. मला एवढंच म्हणायचं होतं, "तिला पोहता येतं, मला येत नाही." पण ते बोलण्यापेक्षा पाण्यात पडणं मला सोपं वाटलं. मी उडी मारली.

पुन्हा केस. पुन्हा "मुकाट पडून राहा!" तिने मला काठावर आणून टाकलं, तेव्हा सगळे भोवती गोळा झाले होते. आता ती सांगणार, असं वाटून मी डोळे मिटले.

"इनके पैर में गोला आ गया," ती म्हणाली.

साहेबांनी लगेच उलगडा केला. "वाह! एक साल में भाभी जी को ऐसा तैरना सिखा दिया!" मी पाणी ओकत मान हलवत होतो. तो विनय समजला गेला.

तुकडी तिला मिळाली. वर्षानुवर्षं तिने शिकवलं, कित्येक बायका आणि त्यांच्या मुली. पहिल्याच वर्षी त्या बायकांनी तिचा सत्कार केला, तेव्हा शाल आणि नारळ मला दिला, गुरूंचे गुरू म्हणून. शाल ऊबदार आहे. मी ती थंडीत वापरतो.

"गोला आ गया असं का म्हणालात?" हे तिने नाही, मी तिला विचारलं, उद्घाटनाहून घरी आल्यावर. ती मला अहोजाहो करते, मी तिला करत नाही. पण त्या दिवशी तोंडातून तसंच गेलं.

"तळाशी बसून मी वाट बघत होते, तुम्ही काय बोलता ते," ती म्हणाली. "तुम्ही उडी मारलीत. पोहता येत नसून मारलीत. मग म्हटलं, जाऊ दे."

इथवर लिहून काल मी तिला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, चष्मा पुसला. मी म्हणालो, "शाल आजपासून तुझी."

"ती राहू द्या, तुम्हाला सर्दी होते. पण ते मेक्सिकोतलं वाक्य खोडा."

"कुठलं?"

"क्षणभर उभा राहिलो म्हणे. गुडघ्यांवर होतात तुम्ही."

वाक्य खोडत नाही, दुरुस्त करतो. मी गुडघ्यांवर होतो.